चहाच्या घरात पाहुण्यांची कॉफी दरवेळी बिघडते, त्यावर उपाय

विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा हासनहून अर्धा किलो कॉफी पावडर घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीचं दूध तापवलं, त्यात तीन चमचे पावडर आणि साखर घातली, चहासारखी दोन-तीन उकळ्या येऊ दिल्या आणि कपात ओतून दिली. त्यांनी घेतली. सुनेला त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, आणि सून मला म्हणाली, "आई, छान झालीय म्हणते." नंतर कप घासायला घेतला तर निम्मी कॉफी तशीच होती आणि तळाशी पेरभर काळी रेती बसली होती.

मला वाटलं, पावडरच वाईट असेल. पावडर उत्तम होती. ती फिल्टरची होती, म्हणजे भाजून दळलेल्या बिया. चहापत्तीसारखीच ती विरघळत नाही, तिचा फक्त अर्क उतरतो. पाहुण्याला न गाळलेला चहा द्यावा, तसं मी केलं होतं. कॉफीच्या मळ्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या बाईला.

आमचं घर भुसावळचं आणि पक्कं चहाचं. सकाळी आल्याचा, दुपारी गवती चहाचा, संध्याकाळी कोणी आलं की पुन्हा. सासरे अमळनेरकडचे, त्यांना कॉफी विचारली की "माले च्याच बरा" म्हणून मोकळे होतात. मला कॉफीच्या दोन घोटांत छातीत धडधडतं, म्हणून मी पीत नाही. तरी वर्षातून दोनदा व्याही-विहीणबाई कर्नाटक एक्स्प्रेसने उतरतात, मुलाचे मित्र येतात, ह्यांचे जुने सहकारी येतात. कॉफी करावीच लागते. गेल्या चार-पाच वर्षांत ती किती प्रकारांनी बिघडते ते मी पाहिलं आणि एकेक कारण शोधून काढलं. ज्यांच्या घरी हीच अडचण आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मुळात गोष्ट अशी आहे की चहा बिघडला तर आपल्याला कपात ओतायच्या आधी कळतं. रंग कळतो, वास कळतो, चमच्यावर घेऊन चाखता येतो. कॉफीच्या बाबतीत आपली जीभ उपयोगाची नाही, आणि पाहुणा खरं सांगत नाही. खान्देशात तर नाहीच सांगत, आपल्याकडे पाहुणा खारट भाजीलाही नावं ठेवत नाही. म्हणून जिभेचं काम तीन गोष्टींकडून करून घ्यायचं: माप, नाक आणि परत आलेला कप.

आधी परत आलेला कप बघा

पाहुणे उठले की कप लगेच मोरीत टाकू नका. उजेडाला धरा. तळाशी वाळूसारखा गाळ असेल, तर तुम्ही फिल्टरची पावडर थेट दुधात घातली आहे. काळे, चिकट गोळे असतील, तर पावडर विरघळणारी आहे पण नीट विरघळलेली नाही. कडेला साय चिकटली असेल, तर दूध जुनं तापवलेलं होतं किंवा गाळायचं राहिलं. कप निम्मा भरलेला आणि तळ स्वच्छ असेल, तर चव चुकली आहे: कडू, जळकट, फार दुधाळ किंवा फार गोड. नुसतं हे बघायला लागल्यापासून माझा निम्मा गोंधळ मिटला, कारण "छान झालीय" या शब्दापेक्षा कप जास्त खरं बोलतो.

गोळे होतात

विरघळणारी पावडर गरम दुधावर वरून टाकली की चमच्यातून पडतानाच तिला वाफ लागते, बाहेरचा थर चिकट होतो आणि आतली पावडर कोरडी राहते. मग ढवळत बसलं तरी गोळी फुटत नाही. उपाय अगदी सोपा आहे. आधी कपात पावडर आणि साखर घ्या, त्यावर चमचाभर कोमट पाणी घालून पेस्ट करा आणि मग दूध ओता.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे फेटलेली कॉफी. २०२० च्या टाळेबंदीत परदेशी नावाने तिचा मोठा गवगवा झाला, पण आपल्याकडे काही घरांत ती फार आधीपासून होत होती. एका कपाला एक चमचा पावडर, दोन चमचे साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी घेऊन चमच्याने एका दिशेने फेटत राहायचं. पहिलं मिनिटभर ते काळं, चकचकीत राहतं, काकवीसारखं. मग कडेने फिकट व्हायला लागतं. चार-पाच मिनिटांत त्याचा रंग भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा होतो आणि चमच्याची रेघ त्यात क्षणभर टिकते. झालं. वरून तापलेलं दूध ओतलं की फेस आपोआप वर येतो.

न पिणाऱ्याला हीच पद्धत मी का सांगते? कारण हिच्यात डोळ्यांना खूण आहे. रंग बदलला म्हणजे कॉफी पूर्ण विरघळली, चाखायची गरज नाही. फक्त साखर आधीच पडते, त्यामुळे मधुमेहाच्या पाहुण्यांना ही चालत नाही. आणि फिल्टरच्या पावडरीने हे होत नाही, कितीही फेटा.

कडू आणि जळकट होते

आपला हात चहाचा आहे, आणि चहाला उकळल्याशिवाय रंग येत नाही. तीच सवय कॉफीला लावली की ती बिघडते. विरघळणारी पावडर कारखान्यात एकदा उतरवून, वाळवूनच आलेली असते. तिला पुन्हा शिजवायची काहीच गरज नसते. उकळलं की सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो आणि कपात कडूपणा राहतो. घरभर कॉफीचा छान वास सुटला म्हणून मी खूश व्हायचे. तो वास कपात राहायला हवा होता.

दूध उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग ओता. कॉफी घातल्यावर भांडं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. पाहुणा गप्पांत रमला आणि कप गार झाला, तरी तो तापवून देऊ नका, दुसरा करून द्या.

आल्याचा वास येतो

आपल्याला हा वास जाणवत नाही, कारण तो आपल्या घराचाच झालेला असतो. चहाचं पातेलं, चहाची गाळणी, वेलदोड्याच्या डब्यात ठेवलेला चमचा, सगळ्यांना वर्षानुवर्षं वास लागलेला असतो. गाळणीच्या जाळीत अडकलेली पत्ती धुतली तरी जात नाही. कॉफीसाठी एक छोटं पातेलं आणि एक गाळणी वेगळी ठेवा. मी शंभरेक रुपयांत दोन्ही आणलं आणि वरच्या फळीवर पालथं घालून ठेवते. घरात कोणी चुकून त्यात चहा ठेवला तर मी रागावते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

पावडर मेलेली असते

माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि कोणी लक्षात घेत नाही. कॉफी पिणाऱ्या घरात बरणी महिनाभरात संपते. आपल्या घरात तीच बरणी दोन दिवाळ्या बघते. विरघळणारी पावडर हवेतला ओलावा फार लवकर ओढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हवा कोरडी असते, बरणीला काही होत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा झाकण उघडलं की पावडर दगड होते. मग आपण चमच्याने टोचून तुकडे काढतो, आणि तुकड्यांना माप नसतं. एक कप काळा, एक कप पांढरा.

फ्रिजमध्ये ठेवूनही सुटका नाही. गार बरणी बाहेर काढून उघडली की आत दमटपणा धरतो. आणि भाजीचा चमचा पुसून बरणीत घातला तर हळदीचा वास कायमचा.

इथे नाक कामाला येतं. बरणी उघडून वास घ्या. चांगल्या पावडरीचा वास नाकात लगेच भरतो, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा पण जास्त तिखट. मेलेल्या पावडरीला जुन्या पुठ्ठ्याचा वास येतो किंवा काहीच येत नाही. काहीच वास नसेल तर चवही नसणार, फेकून द्या. मोह होतो, दोनशे रुपयांची बरणी असते, पण फेका.

आता मी बरणी आणतच नाही. किराणा दुकानात छोट्या पुड्यांची माळ टांगलेली असते, त्यातल्या आठ-दहा पुड्या आणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवते. प्रत्येक पुडी बंद, म्हणून ओलावा नाही. आणि एक पुडी एक छोटा कप, म्हणून मापाची चूक नाही. ग्रॅमच्या हिशेबाने महाग पडतं, हे खरं आहे. पण न पिणाऱ्या घराला स्वस्त बरणीच महाग पडते.

पुडीच्या मागे बारीक अक्षरात कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं, तेवढं वाचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्या शेजारच्या गुजरातेत तिची शेती होते. तिच्याने रंग गडद येतो, कडवट दाटपणा येतो. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असायला हवी असा आपल्याकडे नियम आहे, बाजारात बरेचदा ७०-३० मिळतं. काही लोकांना चिकोरीचीच सवय असते आणि निव्वळ कॉफी त्यांना आंबट वाटते, तर काहींना चिकोरी अजिबात चालत नाही. मी दोन्ही प्रकारच्या चार-चार पुड्या ठेवते आणि विचारते.

नुसतं दूध लागतं

गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा-सातच्या घरात. आपल्याकडे पाहुण्याला दाट दूध देणं हा मान. चहा हा मान पेलतो, कॉफी पेलत नाही, ती सायीखाली दबते. तीन भाग दूध आणि एक भाग पाणी घ्या. पाहुण्याला पाणी घातलेलं दूध कसं द्यायचं, असं माझ्या सासूबाईंना वाटायचं. मी कपात दोन्ही करून सुनेला पाजून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. पाणी मात्र पिण्याचं घ्या, बोअरचं खारं पाणी चहात खपून जातं, कॉफीत वर येतं.

आणखी एक. विरघळणाऱ्या कॉफीचा भरलेला चहाचा चमचा हे साधारण दीडशे मिलिलीटरच्या कपाचं माप आहे. आपले चहाचे कप बहुधा शंभरच्या आतबाहेर असतात. तुमच्या कपात पाणी भरून एकदा मोजून ठेवा, मग अंदाज करावा लागत नाही.

दूध फाटतं

हे फक्त उन्हाळ्यात होतं. लाइट गेलेली, फ्रिज बंद, सकाळचं दूध आंबण्याच्या बेतात. नुसतं तापवलं तर ते कसंबसं टिकतं, पण कॉफी स्वतः थोडी आम्ल असते आणि तेवढ्यानेही फाटायला निमित्त मिळतं. एप्रिल-मेमध्ये आधी पळीभर दूध वेगळं उकळून बघते. पळीत कणी दिसली तर कॉफीचा विचार सोडते आणि पन्हं करते.

पाहुणा फिल्टरवाला असेल तर

सुनेने बंगळुरूहून स्टीलचा फिल्टर आणला आणि मला बसून शिकवलं. वर भोकांचा डबा, खाली साठवायचा डबा. वरच्या डब्यात तीन-चार कपांसाठी तीन मोठे चमचे भरून पावडर घ्यायची, आतल्या दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची. हलकेच. मग उकळून अर्धा मिनिट निववलेलं पाऊण वाटी पाणी गोल गोल फिरवत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि निदान वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही.

मला पहिले दोन महिने यातही अडचणी आल्या. खाली काहीच उतरत नसेल तर पावडर जास्त दाबली आहे किंवा भोकं बुजली आहेत. डबा उजेडाकडे धरला की बुजलेली भोकं दिसतात, जुन्या टूथब्रशने घासली की मोकळी होतात. वरचं झाकण फार घट्ट बसलं तरी थेंब अडतो, जरा सैल करा. उलट दोन-तीन मिनिटांतच सगळं पाणी खाली आलं आणि तपकिरी दिसलं, तर पावडर कमी पडली किंवा दाबलीच नाही. डिकॉक्शन, म्हणजे खालच्या डब्यात उतरलेला कॉफीचा अर्क, काळंभोर हवं. स्टीलच्या चमच्यावर घेऊन तिरकं केलं की चमच्यावर रंग मागे राहायला हवा. ही पुन्हा डोळ्यांची खूण, म्हणून मला आवडते.

एक भाग डिकॉक्शन, तीन भाग गरम दूध, इथून सुरुवात करा. डिकॉक्शन गॅसवर तापवायचं नाही, दुधानेच गरम करायचं. व्याही पहाटे पाचला उठतात, म्हणून मी रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवते. सकाळी फक्त दूध तापवायचं. उरलेलं डिकॉक्शन फ्रिजमध्ये दिवसभर चालतं, नंतर ओतून द्या.

आठ चहा आणि दोन कॉफी

लग्न ठरवायला माणसं आली की हा पेच हमखास येतो. आधी कॉफी केली तर चहा होईपर्यंत ती गार, आणि कॉफीवाले दोघं बाकीच्यांसाठी हातात कप धरून थांबतात. चहा आधी ठेवा. तो उकळत असताना कपात कॉफी फेटून ठेवा, दुसऱ्या शेगडीवर दूध. चहा गाळायला घेताना कॉफीवर दूध ओता. ट्रेमध्ये कॉफीचे कप वेगळ्या रंगाचे ठेवा, नाहीतर उचलाउचलीत कोणाचं तरी चुकतं.

विचारायचं कसं

"चहा की कॉफी?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "काही पण चालेल, कशाला त्रास." मग आपण चहा करतो आणि कॉफी पिणारा माणूस निमूट चहा पितो. माझ्या नणंदेचे यजमान कॉफी पितात, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. दरवेळी मी आग्रहाने त्यांना चहा दिला होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आता मी म्हणते, "भाऊ, मी कॉफी करतेय, तुमची गडद की दुधाळ?" करतेच आहे म्हटल्यावर माणूस मोकळेपणी सांगतो. झाल्यावर "कशी झाली?" विचारत नाही, त्याला एकच उत्तर असतं. त्याऐवजी दूध छोट्या गडूत वेगळं नेते आणि समोर ओतताना म्हणते, "बस म्हणा." रंग त्यांना ओळखू येतो, मला नाही. साखरही वेगळी. जुन्या पिढीतल्या आपल्या माणसांना जायफळ विचारते, त्यांना जायफळाशिवाय कॉफी पूर्ण वाटत नाही, पण दक्षिणेकडच्या पाहुण्यांना न विचारता घालू नका. वयस्कर पाहुण्याला रात्री उशिरा द्यायची असेल तर कप लहान ठेवा, कॉफी अंगातून उतरायला बरेच तास घेते आणि परक्या घरी आधीच झोप लागत नाही.

"तुम्ही नाही घेत?" हा प्रश्न येतोच. मी पूर्वी म्हणायचे, "आमच्याकडे कोणीच पीत नाही, खास तुमच्यासाठी केली." त्याने पाहुणा संकोचतो, दुसऱ्यांदा मागत नाही. आता माझा चहाचा कप घेऊन त्यांच्यासोबतच बसते आणि सांगते की मला कॉफीने धडधडतं. दोघांच्या हातात कप असले की तो विषय तिथेच संपतो.

राहिला अचानक आलेला पाहुणा, आणि डबी रिकामी. शेजारून दोन वर्षांची बरणी मागून आणू नका. दुकान जवळ असेल तर पोराला पिटाळा, पुडी पाच मिनिटांत येते. दुकान बंद असेल तर सरळ सांगा, "आज कॉफी नाहीये, चहा चालेल का?" विहीणबाईंना मी गेल्या खेपेला असंच सांगितलं, गाडी चार तास लेट होऊन रात्री अकराला आली होती. त्यांनी आल्याचा चहा घेतला आणि कप परत आला तो रिकामा.